कन्नड वाचणारी मनीषा: कुमार कादंबरीतला चुकणारा नायक कसा लिहावा

आपल्या बेळगावच्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. मांडव घालतात, ग्रंथदिंडी निघते, गावजेवण होतं. अशाच एका संमेलनाच्या कथास्पर्धेतल्या 'कुमारांसाठी कथा' तपासायचं काम मागे एकदा माझ्याकडे आलं. पिशवीभर कथा होत्या. निम्म्याहून जास्त कथांतला मुलगा एकच होता. तो पहाटे उठून दूध घालायचा, दिव्याखाली अभ्यास करायचा, मार्कंडेय नदीच्या पुरात बुडणाऱ्याला वाचवायचा, दहावीला ६२५ पैकी सहाशेच्या वर गुण मिळवायचा आणि शेवटच्या परिच्छेदात शाल-श्रीफळ घेऊन आईच्या पाया पडायचा.

हसायला मी मोकळा नव्हतो. माझ्या कपाटात माझीही एक हस्तलिखित कादंबरी होती. ती मी आमच्या गल्लीतल्या नववीच्या मुलीला वाचायला दिली होती. तिनं चार दिवसांनी वही परत आणून दिली आणि विचारलं, "काका, ह्यो कधी घरातनं पैसे घेत न्हाई काय?" मी म्हटलं, नाही, प्रामाणिक आहे तो. ती म्हणाली, "मग ह्येला आवडीचं काय न्हाईच."

त्या वाक्यानं माझी कादंबरी संपवली. पुढे जे शिकलो ते इथे पायरी-पायरीनं मांडतो. सोबत एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो. ते माझ्या मनातलं आहे, कुणाच्या घरातलं नाही.

पहिली पायरी: वाचक कोण ते ठरवा

'मुलांसाठी' असं म्हणून भागत नाही. साधारण बारा ते अठरा हे वय धरतात, पण बारा वर्षांच्या मुलाला घरच्यांचा धाक असतो आणि सतराच्या मुलाला घरच्यांची लाज वाटत असते. दोघांची गोष्ट एक होत नाही. मी पंधरा धरतो. या वयात पोराला मोठ्यांची कामं सांगितली जातात, पण मोठ्यांच्या बैठकीत बसू दिलं जात नाही. गोष्टीला लागणारी बरीचशी अडचण तिथेच तयार मिळते.

चुकणारं मूल मराठीला नवं नाही. साने गुरुजींचा श्याम पोहायला भितो, माळ्यावर लपून बसतो, आई त्याला फोकेनं मारत खाली आणते. तो श्याम आपल्या सगळ्यांना आठवतो तो त्या लपण्यामुळेच. तिकडे अमेरिकेत १९६७ साली एस. ई. हिंटन या अठरा वर्षांच्या मुलीची पहिली कादंबरी आली. मारामाऱ्या करणारी, गरीब वस्तीतली पोरं तिनं नायक केली. शाळेतल्या मुलांचं खरं जगणं पुस्तकांत दिसत नाही, ही तिची तक्रार होती. आपल्याकडची मुलं आज तीच तक्रार करतील, कुणी विचारलं तर.

दुसरी पायरी: पराक्रम नको, काम शोधा

नायकाला नाव ठेवण्याआधी, रूप देण्याआधी, हे एक ठरवा: हे मूल एक दिवस घरात नसेल तर कुणाचं काय अडेल? उत्तर मिळालं नाही तर अजून तुमच्याकडे नायक नाही.

आपल्या भागात अशी कामं शोधायला लांब जावं लागत नाही. वडगाव-खासबागच्या घरात यंत्रमाग धडधडत असतो आणि शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून कांड्या भरायला बसतं. निपाणीकडे आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आणि मुलगी जुड्या बांधते. त्यातल्या छाट निघालेल्या, म्हणजे नापास ठरलेल्या, विड्यांचे पैसे मिळत नाहीत, हे त्या मुलीला गणिताच्या पुस्तकाआधी कळलेलं असतं. बाचीच्या पुढे सीमा ओलांडून शिनोळीच्या कारखान्यात जाणाऱ्या बापाला रात्री घ्यायला मुलगा सायकल घेऊन फाट्यावर उभा असतो. खानापूर तालुक्यातली जंगलातली गावं पावसाळ्यात तुटतात. तिथे आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत नेतात, आणि खांदा द्यायला गावात तरणी माणसं मोजकीच असतात.

मी निवडलं ते काम असं. मनीषा, वय पंधरा, वडगाव, मराठी माध्यम, दहावी. वडील मागावर. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना आलेले कन्नड कागद ती वाचून दाखवते: बँकेची पत्रं, जमिनीचे उतारे, रेशनच्या नोटिसा. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्क्यांवर असेल तिथे सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे संरक्षण कागदावर आहे. त्यावर आपल्याकडे किती निवेदनं गेली हे बेळगावकराला सांगायला नको. तोवर मराठी कागद येत नाही आणि मनीषाला हाका मात्र येतात.

यात शौर्य काहीच नाही, पण तिच्या वाचण्यावर आठ घरं चालतात. मला नायिका म्हणून तेवढं पुरतं.

तिसरी पायरी: दोष त्याच कामातून काढा

इथे थांबून नीट बोलतो, कारण बहुतेक लिखाण इथेच घसरतं.

'नायक निर्दोष नको' हे आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे लोक दोष वरून चिकटवतात, कपाळावर तीट लावावी तसा. नायिका विसराळू असते, जरा चिडकी असते, गणितात कच्ची असते, कुंदा दिसला की भान विसरते. हे गोड दोष झाले, त्यांनी कुणाचं वाकडं होत नाही. मुलाखतीत 'तुमचा अवगुण कोणता' असं विचारल्यावर 'मी फार मेहनत करतो' म्हणणाऱ्या उमेदवारासारखी ही लबाडी आहे, आणि पंधरा वर्षांच्या वाचकाला ती लगेच कळते.

मी दोषाला तीन प्रश्न विचारतो. तो तिच्या गुणाच्याच मुळातून आलाय का? त्याचा चटका दुसऱ्या कुणाला बसतो का? आणि तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मान खाली गेली तर दोष खरा आहे असं समजतो.

मनीषाचं पाहू. तिचा गुण, ती नाही म्हणत नाही. कुणी कागद घेऊन आलं की जेवण सोडून उठते. का उठते? परोपकार म्हणून, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं. नववीतल्या त्या मुलीचं वाक्य आठवलं: हिला आवडीचं काय? मनीषाला आवडतं ते हे, की आठ घरांतली मोठी माणसं तिच्या तोंडाकडे बघत थांबतात. घरात तिचं कुणी ऐकत नाही, आक्का हुशार, भाऊ लाडका. कागद हातात असला की तिचं ऐकतात. म्हणून 'हा शब्द मला येत नाही' हे तिच्या तोंडून निघत नाही. तिला शाळेतलं कन्नड येतं, बाजारातलं येतं, 'बर्री' आणि 'हौद्री' तर झोपेतही येतं. कचेरीतलं कन्नड वेगळं असतं. तिथे ती अंदाज मारते. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो, हे सगळ्यांत वाईट.

दुसरं उदाहरण थोडक्यात. डोलीला पुढून खांदा देणारा खानापूरकडचा मुलगा. अंगानं दणकट, गावात त्याचं नाव. पण ओढ्यावरच्या साकवाची त्याला भीती वाटते, लहानपणी तिथून पडलाय. दणकट पोराला भीती सांगता येत नाही, म्हणून एका रात्री तो पाय मुरगळल्याचं सोंग करतो. त्याच्या जागी त्याचा चुलता खांदा देतो. एवढं मिळाल्यावर पुढची कादंबरी तुम्हाला दिसायला लागेल, मी सांगायची गरज नाही.

चौथी पायरी: चूक घडवताना दिनदर्शिका समोर ठेवा

ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात पाऊस कसा झाला हे कुणी विसरलेलं नाही. नद्या गावांत शिरल्या, मातीच्या भिंती भिजून बसल्या. माझ्या गोष्टीत शेजारच्या आज्जीच्या घराची मागची भिंत पडते. महिन्याभरानं एक नोटीस हातात येते: मदतीसाठी अर्ज १५ सप्टेंबरच्या आत द्यावा. (नोटीस गोष्टीतली आहे, खऱ्या सरकारी तारखा इथे शोधू नका.)

कन्नडमध्ये 'ओळगे' म्हणजे आत. तारखेला जोडून आलेला तो शब्द मनीषाला अनोळखी. मराठी कानाला तो 'ओळख' वाटतो. ती क्षणभर थांबते आणि ठोकून देते.

"मने, बघ गं काय लिव्हलंय. तुला येतंय न्हवं कानडी?"

"येतंय की. आण हिकडं. पंधरा तारखेला जायाचं, ओळखपत्र घिऊन."

"पंधरालाच?"

"लिव्हलंय न्हवं तसं."

२०१९ च्या सप्टेंबरची १५ तारीख रविवारी येते. कचेरीला कुलूप. सोमवारी आज्जी जाते तेव्हा मुदत गेलेली असते.

हा रविवार मी जुळवला नाही, दिनदर्शिका उघडल्यावर सापडला. त्याच पानावर आणखी मिळालं: त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी १२ ला होती. म्हणजे नोटीस आली तेव्हा गल्लीत मंडप असणार. मनीषा नोटीस वाचते ती लाऊडस्पीकरच्या आवाजात, आरतीला जायच्या घाईत, नवी ओढणी सावरत. शब्द विचारायला शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडे जाता आलं असतं, पण सुट्टी आहे. चुकीला अशी साधी, खरी कारणं मिळाली की ती वाचकाला पटते. लेखकानं योगायोग रचला, असं वाटत नाही.

एक काळजी घ्या. चूक नायिकेच्या निवडीतून व्हायला हवी. इथे ती क्षणभर थांबते, तो क्षण लिहायलाच हवा. आपल्याला हा शब्द येत नाही, हे तिला माहीत आहे. तो क्षण गाळला तर हा निव्वळ अपघात होतो, आणि अपघाताला दोष म्हणत नाहीत.

पाचवी पायरी: वाचकाला कधी कळू द्यायचं

लवकर. पहिल्या प्रकरणात ती काम करताना दिसावी, दुसऱ्यात तिचा पहिला लहानसा अंदाज बरोबर यावा आणि वाचकाला मजा वाटावी. आपणही तिच्या फुशारकीत सामील झालो, हे त्याला नंतर टोचलं पाहिजे. रविवारचं कुलूप एक तृतीयांशाच्या आसपास आलं तर उरलेली दोन तृतीयांश कादंबरी 'आता काय' यावर चालते. शेवटी रहस्य फोडल्यासारखा दोष उघड करायचा मोह टाळा, कारण मग मधल्या शंभर पानांत नायिकेला करायला काही उरत नाही.

सहावी पायरी: तिची भाषा तिचीच ठेवा

आपल्याकडच्या मुली 'मी येतो', 'मी वाचतो' म्हणतात. हस्तलिखित पुण्याला पाठवलं की तिथे कुणीतरी त्याचं 'येते, वाचते' करून पाठवतं, चूक सुधारल्याच्या समाधानात. आधीच चिठ्ठी जोडा की हे मुद्दाम आहे. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की बोलीत, हे तुमच्या कानावर सोडतो. मी निवेदन प्रमाण ठेवतो, संवाद मोकळे सोडतो. कन्नड वाक्य आलं तर अर्थ पुढच्या बोलण्यातून कळू द्या, लगेच भाषांतर देऊ नका. आज्जीला कळत नाही तिथे वाचकालाही क्षणभर कळलं नाही तरी बिघडत नाही. या कादंबरीत तर तेच हवंय.

सातवी पायरी: सीमाप्रश्न घरात आणा, व्यासपीठ बाहेर ठेवा

हे लिहिताना माझाही हात जड होतो. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करत आपण मोठे झालो. १९५६ चा गोळीबार, १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, या गोष्टी आमच्या घरात वडीलधारे जेवताना सांगायचे. त्यामुळे आपल्या मनातला नायक नेहमी छातीवर गोळी झेलणारा. त्या मापाशी उभं केलं की पंधरा वर्षांचं कुठलंही खरं पोर खुजंच दिसणार. त्यात हुतात्म्यांचा दोष नाही, आपण माप चुकीच्या ठिकाणी लावतो.

गोष्टीत हा प्रश्न हवाच. वगळला तर पुस्तक बेळगावचं राहणार नाही. पण तो मनीषाच्या अंगावर यावा, भाषणातून नको. १ नोव्हेंबर घ्या. घरचे काळ्या दिनाच्या फेरीला निघतात, तिलाही काळी ओढणी काढून ठेवलेली असते. त्याच दिवशी राणी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, मिरवणूक असते, आणि वर्गातली कन्नड घरची मैत्रीण म्हणते, चल की, डॉल्बी बघू. मनीषाला दोन्हीकडे जायचं असतं. ती घरी खोटं सांगते की मैत्रिणीला, हे तुम्ही ठरवा. मला स्वतःला ती दोन्हीकडे खोटं बोलते आणि दिवसभर घरात पडून राहते, असं सुचलं. घरच्यांना ताप आल्याचं, मैत्रिणीला पाहुणे आल्याचं.

कन्नड बोलणाऱ्याला खलनायक करणं फार सोपं आहे, म्हणूनच करू नका. कचेरीतला कारकून तुसडा असू शकतो, पण त्याला तुसडेपणाचं स्वतःचं कारण द्या. माझ्या गोष्टीत 'ओळगे'चा अर्थ मनीषाला पहिल्यांदा सांगते ती तीच मैत्रीण, हसत हसत, तिला काहीच कल्पना नसताना. मनीषाच्या पोटात गोळा येतो आणि तिला हसावं लागतं. हे पान लिहिताना मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

आठवी पायरी: भरपाई

आपला सीमाभाग कुठल्या राज्यात असावा याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्याला वाट बघायची सवय आहे. तरी कादंबरीच्या शेवटी मात्र आपण घाई करतो: मूल रडतं, कबुली देतं, आज्जी डोक्यावरून हात फिरवते, सगळं माफ.

असं होऊ देऊ नका. कबुलीचा प्रसंग असावा, पण कबुलीनं भिंत उभी राहत नाही. मनीषा आधी लपवते, मग कचेरीवर दोष ढकलते. सगळी गल्ली तिच्यावर विश्वास ठेवून कचेरीला शिव्या घालते, आणि तिला अजूनच अडकल्यासारखं होतं. मग ती सांगते. आज्जी रागावतही नाही, फक्त पुढचा कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घेते. गल्लीत कागद घेऊन जाणारी आज्जी दारावरून पुढे निघून जाते, तेवढीच शिक्षा. मारापेक्षा ती लागते.

भरपाई कष्टाची असू द्या, आणि अपुरी. दिवाळीच्या सुट्टीत ती रोज कांड्या भरून पैसे साठवते, त्यात विटा किती येतील याचा हिशोब काढते. हिशोब जुळत नाही. ती तरी विटा आणते. अर्धी भिंत उभी राहते, वर पत्रा टाकतात. शिक्षक, आमदार, परगावचा मामा यांपैकी कुणी येऊन उरलेली भिंत बांधून देत असेल तर त्याला वेशीवरूनच परत पाठवा.

आणि फुशारकी जात नाही. कमी होते, जागा बदलते. शेवटच्या प्रकरणात मनीषा कागद वाचताना शब्द विचारून येते, पण त्याच संध्याकाळी चाचणी परीक्षेचे गुण घरी सांगताना पाच वाढवून सांगते. एका वाचक-मित्राला हे आवडलं नाही, 'मग ती शिकली काय?' असं त्यानं विचारलं. मी ते ठेवलंय.

नववी पायरी: मुलांना वाचून दाखवा

कच्चा मसुदा झाला की (माझा तीस हजार शब्दांच्या आसपास होतो, प्रकरण पंधराशेचं) आठवी ते दहावीची चार-पाच मुलं गोळा करा. एखाद्या वाचनालयाची खोली मागा किंवा कुणाची तरी गच्ची. मिरची भजी ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही. एका बैठकीत दोनच प्रकरणं वाचा.

'आवडलं का' विचारू नका, सगळे होय म्हणतात, काकांचं मन कोण मोडणार. विचारायचं ते असं: ही खोटं कुठे बोलली? तिथे तू असतास तर काय केलं असतंस? हिच्यावर तुला राग कुठे आला? पहिल्या प्रश्नावर गप्पा सुरू झाल्या आणि एकमेकांत भांडण लागलं तर पुस्तक जिवंत आहे. सगळ्यांनी 'ती चांगली मुलगी हाय' म्हणून मान डोलावली तर तिसऱ्या पायरीवर परत जा.

त्यांच्या हातात पेन्सिल द्या आणि कंटाळा आला तिथे समासात रेघ ओढायला सांगा. माझ्या मसुद्यावर सगळ्यांच्या रेघा एकाच पानावर आल्या. मनीषा रात्री आकाशाकडे बघत स्वतःच्या चुकीवर दीड पान विचार करते, ते पान. घरी येऊन मी ते फाडलं आणि त्या जागी ती भावाच्या वाटणीचा मांडा खाऊन टाकते, एवढं लिहिलं.